पाखरं उठवणारी

माझी बायको पाखरं राखायची. आमच्याकडं राखायची म्हणजे हाकलायची. शाळू दाण्यात आला की रानाच्या मधी चार मेढी रोवून माळा घालायचा, त्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायची आणि हाळी द्यायची. लगीन होऊन आली त्या वर्षापासून हे काम तिनं धरलं, ते वाडीतला शाळू संपेपर्यंत सोडलं नाही. तिला जाऊन आता पाच महिने होतील. लोक भेटायला येतात, बाई साधी होती, गरीब होती असं म्हणतात. मी ऐकून घेतो. साधी नव्हती आणि गरीबही नव्हती. लय खोडकर बाई होती.

नाव तानूबाई. अंगानं काडी. माळ्यावर उभी राहिली की पाचवी मेढ वाटावी. त्या काडीतून तो आवाज कुठून निघतो ते कुणाला कळलं नाही. मी तेव्हा माधवनगरला कापडगिरणीत मागावर होतो. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं रहिमतपूरला उतरायचं आणि वाडीकडं चालत निघायचं. ओढ्यापाशी आलो की हाळी कानावर यायची. घर दिसायला अजून अख्खं टेकाड चढायचं असायचं, पण बायको ऐकू यायची.

हाळी एक नव्हती. चिमण्यांना तोडून तोडून, हा! हा! हा! राघूंना लांब, वर चढत जाणारी. आणि भोरड्यांना तिसरीच. भोरडी म्हणजे थंडीत लांबून येणारं पाखरू, अंग गुलाबी, डोकं काळं. एकटं कधी येत नाही. थवा आला की ढगाची सावली रानावरून सरकल्यासारखी वाटते, आणि ती सावली शाळूवर टेकली की कणसं गेली. त्यांना ही पोटाच्या तळातून काढायची, हाऽऽ हुर्रऽऽ हाऽऽ! सगळी सावली एकदम उचलायची आणि पलीकडच्याच्या रानात जाऊन पडायची. मग पलीकडचा शिव्या द्यायचा.

मी म्हणायचो, "पाखरांना काय कळतंय कुठली हाळी कुणाची?"

"तुमाला कळत न्हाई," ती म्हणायची, "त्यास्नी कळतंय."

गोफणीचा नेम पक्का. पण दगड पाखराला लागू द्यायची नाही. थव्याच्या पुढं वावभर पडला पाहिजे, तोही आवाज करत. नवीन सुनांना माळ्यावर घेऊन शिकवायची. "मारायचं न्हाई बाय, उठवायचं. मेल्यालं पाखरू काय शिकणार? उठल्यालं धा जनांस्नी जाऊन सांगतं."

तिला बघायची खोड होती. कुठलीही गोष्ट उचकटून बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. घड्याळ, पंप, शेजारणीचा चष्मा. एका सुगीत बांधावर मेलेली भोरडी सापडली. दुसरी बाई असती तर पायानं लोटून पुढं गेली असती. हिनं विळ्यानं तिची गळ्याखालची थैली फाडली. आत शाळूचे दाणे चार-दोन, बाकी सगळे नाकतोडे आणि अळ्या. ते सगळं पळसाच्या पानावर मांडून ही घरी घेऊन आली. आमची आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आत्याबाई, बघा तरी. दानं चार हायती आन किडंच किडं."

"मेल्या पाखराची आतडी माज्या चुलीपुढं आनलीस? उचल आदी!"

"आवं पन ही आपलं काम करत्यात. आन आपुनच हाकलतोय त्यास्नी."

"मग जा, पाट मांड त्यांच्याम्होरं!"

दुसऱ्या दिवसापासून हिनं स्वतःचा कायदा काढला. ऊन चढेपर्यंत भोरड्यांना काही म्हणायचं नाही, किडं खाऊ द्यायची. मग हाळी. भावकीत बोंब झाली, तानीनं रान पाखरांना दिलं म्हणून. आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. मला गिरणीत निरोप आला, बायकोला आवर. मी काय आवरणार? खळं झालं तेव्हा शाळू दरसालाइतकाच निघाला.

मी म्हणालो, "मग उपेग काय झाला?"

"कमी न्हाई ना झाला? पाखरं जेवली, आपुनबी जेवलो. आनी काय उपेग पायजे तुमाला?"

 

औंधाला यमाईच्या जत्रेत एकदा वीज गेली आणि भोंगा बंद पडला. नेमकी त्याच वेळी परगावच्या एका बाईची चार वर्षांची पोरगी गर्दीत सुटली होती. फुगेवाल्याशेजारी भोंग्यावरचा माणूस हातात माइक धरून नुसता बसलेला, आणि ती बाई त्याच्यापुढं कपाळ बडवून घेत होती. ही गेली, तिला विचारलं, "पोरीचं नाव काय?" छबी. रसवंतीच्या बाकावर चढली, पदर खोचला आणि दिली हाळी. "छबेऽऽऽ! तुजी आय फुगंवाल्यापाशी हाय गंऽऽऽ!"

पाळणावाल्यानं पाळणा थांबवला. थोड्या वेळानं तीन छबी आल्या. एक ती चार वर्षांची, कुणाच्या तरी कडेवर बसून. एक लग्नाळू, ओशाळलेली. आणि तिसरी साठीची म्हातारी, काठी टेकत, रागानं लाल झालेली. "कोन म्हनतंय माजी आय हाय? तिला जाऊन ईस वर्सं झाली!" ही तिची समजूत घालत बसली आणि जत्रा तिथंच राहिली.

पुढं गिरणी बंद पडली, मी घरी आलो. मग रानात पाण्याची लाइन आली आणि सगळ्या वाडीनं ऊस केला. आम्हीही केला. उसात पाखराला काय मिळणार? माळे मोडले, मेढी सरपणाला गेल्या, गोफणीची दोरी रेडकाच्या गळ्यात गेली. हिचा आवाज तेवढा बिनकामाचा राहिला. अंगणातून कुणाला हाक मारली तरी चार घरांतली माणसं बाहेर यायची.

तो आवाज दोन सालांमागं घोगरा झाला. ती म्हणायची, उसाचं पाचट पेटवत्यात त्येचा धूर. मीही तसंच धरून चाललो. चार महिने गेले तेव्हा मिरजेला दाखवलं. डॉक्टर बाई लहान वयाची, पण समजावून सांगणारी. गळ्यात गाठ आहे म्हणाली. आवाजाची पेटी काढावी लागेल. गळ्याला पुढून भोक ठेवायचं, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचायची आशा आहे, पण आवाज राहणार नाही.

मी खुर्चीचा हात धरून बसलो. ही पुढं सरकली.

"मंग भाकरी त्या भोकातनं का तोंडातनं?"

"तोंडातूनच, आजी."

"आन शिक?"

डॉक्टर बाईला बहुतेक हे कुणी विचारलं नव्हतं. "श्वास तिथून म्हणजे... शिंकेचा वाराही तिथूनच येईल."

"आगं बया. म्हंजी पदर गळ्याला लावाया पायजे, नाकाला न्हाई." मग म्हणाली, "काढल्यावं ती पेटी मला दावाल का?"

"कशाला आजी?"

"जलमभर वरडले. हुती तरी केवढी ते बगाया."

पुढं आपरेशन झाल्यावर त्या पोरीनं आठवण ठेवून दाखवली खरी. भांड्यात ठेवून खाटेपाशी आणली. बोलता तर येत नव्हतं. हिनं मान वाकडी करून सगळ्या बाजूनं बघितली आणि माझ्याकडं बोटाची चिमूट करून दाखवली. एवढीशीच?

पण ते नंतर. त्या दिवशी मिरजेच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो होतो आणि ही तसल्या फाटक्या आवाजातही मोठमोठ्यानं बोलत होती, शिंकेचं, भाकरीचं. लोक वळून बघत होते. मी सगळं आयुष्य तिला हळू बोल म्हणत आलो. आठवडाभर मागाच्या खडखडाटात कान किटायचे, घरी आलं की मला गप्प घर लागायचं. त्या दिवशी ते शब्द जिभेवर आले तसे गिळले.

आमची लेक सुरेखा क्वालालंपूरला असते. जावई तिथं कंपनीत. आमची तिकिटं तिनं आधीच काढून ठेवली होती. आजार कळल्यावर ती फोनवर रडायला लागली, आधी आपरेशन करा म्हणाली. डॉक्टरनं पंधरा दिवसांची सवड दिली, वर एक दिवस नाही, आणि घशाला ताण द्यायचा नाही. ही फोनवर म्हणाली, "आपरेशन झाल्यावर मला तुज्यासंगं भांडता येनार न्हाई. मी आदी येती."

लेकीचं घर बाविसाव्या मजल्यावर. ही खिडकीला गेली, खाली बघितलं, बराच वेळ बघितलं. "हितं माळा घालाया नको," म्हणाली. "आयता हाय."

चौथ्या दिवशी सुरेखा आम्हाला पाखरांच्या बागेत घेऊन गेली. तिला वाटलं आईला पाखरांची आवड. शहराच्या मधोमध झाडी, आणि सगळ्या झाडीवर आभाळाएवढी जाळी टाकलेली. आत पाखरं मोकळी. मोर पायात येत होते. काठीसारख्या उंच पायांचे बगळे तळ्यात उभे. एक निळा पारवा बघितला, चांगल्या कोंबड्याच्या दुप्पट, डोक्यावर जाळीदार तुरा, आणि चाल अशी की वाट आपण सोडायची.

"ही पारव्यातली पाटलीन दिसती," ही म्हणाली.

तिनं त्या बागेत जे प्रश्न काढले ते सुरेखाला पुरे झाले. जाळी कशाला, ही जाऊ नयेत म्हणून का दुसरी येऊ नयेत म्हणून? अंडी कोण उबवतं? पाऊस आला की बंद करतात का? शेवटी तिथली कामाची एक बाई सापडली. पायात रबरी बूट, हातात पपईच्या फोडींची बादली, केसांत पांढरी बट. तिचे पणजोबा मद्रासकडून तिकडं गेलेले. ती तिकडच्या बोलीत, ही हिच्या, मधी सुरेखा.

"हिला इचार, काम काय करती?"

"पाखरं सांभाळते म्हणती. खायला घालते, आजारी पडली तर औषध देते."

"आमी उलटं करायचो म्हनाव."

सुरेखानं सांगितलं तशी ती बाई खदखदून हसली. तिनं विचारलं, दगड किती लांब जायचा? हिनं सुरेखाची ओढणी घेतली, दुहेरी केली आणि रिकामीच फिरवून दाखवली. त्या बाईनंही फिरवून बघितली. ती तिच्याच टोपीत अडकली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून हसतात आणि सुरेखा चहूकडं बघते, कोण बघतंय का.

मग हिनं आणखी एक प्रश्न काढला. "आमी येवडं जवळ आलो, ही उडत का न्हाईत?"

बाईनं सांगितलं, इथली बहुतेक इथंच जन्मलेली. अंड्यातून निघाली तशी माणसाच्या हातावर खाल्लेली. माणसाचं भय त्यांना ठाऊकच नाही.

"म्हंजी ह्यास्नी कुनी हाकललंच न्हाई? कवाच?"

"कधीच नाही म्हणती."

बाई बादली घेऊन पुढं गेली. आम्ही तळ्याकाठी बाकावर बसलो. समोर गवतावर फोडींच्या थाळ्या मांडलेल्या, पाखरं खाताहेत. थाळ्यांवर तसली दहा-पंधरा पाखरं मी एका ठिकाणी इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होतो. सुरेखा पाणी आणायला गेली.

"आवं," ती म्हणाली.

"काय?"

"पेटी काडायच्या आदी येकदा मोकळ्या गळ्यानं हाळी द्यायची हुती मला. गावात कुनाला द्यू? उसाला?"

तिनं थाळ्यांवरच्या पाखरांकडं बोट केलं.

"आन मला बगायचं बी हाय. ह्यास्नी ठावं न्हाई म्हनती. ठावं नसताना उठत्यात का न्हाई ते."

तोवर सुरेखा आली. तिनं शेवटचं ऐकलं आणि बाटली तशीच हातात राहिली. "आई, न्हाई हां. इथं वरडायचं नसतं. ती पाटी बघ, तोंडावर बोट ठेवलेलं चित्र. आणि डॉक्टरनं काय सांगितलंय? घसा फाटला म्हंजे? आबा, सांगा की हिला!"

ही माझ्याकडं बघत होती. तिनं माझी परवानगी कधी मागितली नव्हती, भोरड्यांच्या वेळीही नाही.

"दे," मी म्हणालो.

"आबा!"

"दे गं. कोन काय करतंय."

ती उठली. पदर खोचला. पाय रोवले, माळ्यावर रोवायची तसे. पहिल्यांदा घशात नुसतं खरखरलं. मग पोटाच्या तळातून ती आली. हाऽऽ हुर्रऽऽ हाऽऽ! मधी एकदा चिरली, तरी थांबली नाही. तिनं ती ओढून वर नेली आणि सोडून दिली. तळ्यापलीकडं फोटो काढत उभी होती ती माणसं जागच्या जागी वळली.

पाटलीण पारव्यानं मान तिरपी करून हिच्याकडं एका डोळ्यानं बघितलं आणि परत पपई खायला लागली. मोर चालत होते ते चालत राहिले. बगळा एका पायावर होता तो एका पायावर राहिला. एक पीस हललं नाही.

मला वाटलं, झालं. कशाला दे म्हणालो.

आणि थाळ्यांच्या खालून, गवतातून, पंधरा-वीस साळुंक्या भर्रकन उठल्या. त्या तिथं आहेत हे मला दिसलंच नव्हतं. पिवळ्या चोचीच्या, तपकिरी, आपल्याकडं गोठ्यात येतात तसल्याच. बागेच्या नव्हेत, बाहेरच्या, जाळीच्या कुठल्या तरी फटीतून घुसलेल्या. उठल्या त्या थेट वर जाळीला जाऊन भिडल्या.

"बगा!" तिचा आवाज तेव्हाच निम्मा झाला होता. "बगा, ह्यास्नी ठावं हाय! ह्या आपल्या हायती!"

रबरी बुटांची बाई पळत आली. सुरेखा दोन्ही हात जोडून माफी मागायला लागली. त्या बाईनं तिला बाजूला केलं. तिला भलतंच विचारायचं होतं. ह्या साळुंक्या दिवसभर थाळीतलं चोरून खातात, आम्ही झाडू घेऊन मागं लागतो, पण भीत नाहीत. आजीनं काय केलं? परत करायला सांग.

सुरेखानं कसंबसं सांगितलं. साळुंक्याही एकेक करून खाली उतरायला लागल्या होत्या.

ही परत उभी राहिली, तोंड उघडलं. वारा आला, आवाज आला नाही. तिनं गळ्याला हात लावला, परत पाय रोवले. नुसता वारा. तिसऱ्यांदा केलं नाही. ती बाई वाट बघत होती. साळुंक्या थाळीवर आल्या होत्या. हिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. तुम्ही द्या.

मी जन्मात पाखरू हाकललं नव्हतं. माझं आयुष्य मागापुढं गेलं. पण उठलो. टोपी सारखी केली आणि असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडलो. काय ओरडलो तेही धड आठवत नाही. हुर्र म्हणालो असेन. लांब कुठं तरी एक लेकरू रडायला लागलं. साळुंक्यांनी थाळीतून मानसुद्धा वर केली नाही. एक तर चालत चालत माझ्या पायापाशी आली आणि तिथली फोड उचलून घेऊन गेली.

मी वळून बघितलं तर ही बाकावर बसली होती आणि हसत होती. आवाज नव्हता. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, एक हात गळ्यावर आणि दुसऱ्या हातानं माझ्या शर्टाची बाही घट्ट धरलेली. ओढून खाली बसवलं तरी तिनं ती सोडली नाही.